अनुभव धागा: दिवाळी, मुंबईचा घाम आणि सोनेरी पॅलेट

दिवाळी महिन्यावर आली की सोनेरी आयशॅडो पॅलेटच्या जाहिराती सुरू होतात. चार-पाच खणांची चपटी डबी, आत आरसा, आणि किंमत एखाद्या बऱ्या साडीची. ज्यांनी अशी पॅलेट खरोखर वापरली आहे त्यांनी इथे लिहावं. ‘भारी आहे, घेऊन टाका’ एवढंच नको. कोणती शेड कशावर लावली, किती घेतली, किती तास टिकली आणि बिघडली तर कशामुळे, ते लिहा. ऑक्टोबरचा उकाडा आणि लोकलची गर्दी धरून लिहा, एसी खोलीतले व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत.

सुरुवात मी करते, तीही पॅलेट उघडण्याच्या आधीपासून. नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणं होतं आणि तासाभरात पहाटेच्या मैफिलीला निघायचं असतं. कितीही उटणं चोळलं तरी पापणीवर तेलाचा पातळ थर राहतोच, कारण डोळ्यांवर कोणी उटणं घासत नाही. त्यावर लावलेला रंग तासाभरात पापणीच्या घडीत जमतो. कापसाच्या चकतीवर मायसेलर वॉटर (मेकअप-तेल पुसायचं पाणी) घेऊन पापणी दोनदा पुसायची, मग साध्या पाण्याचा बोळा फिरवायचा आणि पाच मिनिटं पंख्याखाली बसायचं. पापणीला मॉइश्चरायझर लावायचं नाही. प्रायमर (रंग धरून ठेवणारा खालचा थर) दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढा. जास्त घेतला तर तो स्वतःच घडीत गोळा होतो आणि वरचं सोनेरी सोबत ओढून नेतो. दुपारी पापणीवर दिसणारी ती सोनेरी रेघ बहुतेक वेळा प्रायमरची चूक असते, बिल मात्र पॅलेटच्या नावावर फाटतं.

पार्ले, नवरीचे मेकअप करणारी:

आधी ‘सोनेरी’ म्हणजे काय ते ठरवा. एकाच पॅलेटमध्ये फिकट शॅम्पेन, पिवळं सोनं, रोझ गोल्ड, जुनं सोनं आणि तांबूस ब्राँझ असं सगळं असतं. सावळ्या किंवा गव्हाळ रंगावर शॅम्पेन पूर्ण पापणीभर लावली की डोळा राखाडी दिसतो, राख फासल्यासारखा. ती शेड आतल्या कोपऱ्यात एका ठिपक्यापुरती ठेवा. नथीतल्या मोत्यांशी तो ठिपका छान जुळतो. पापणीच्या मध्यावर जुनं सोनं किंवा ब्राँझ. पैठणीची जर चकचकीत पिवळी असेल तर डोळ्यावर तेच पिवळं नको, एक पायरी गडद घ्या. नाहीतर जर, दागिने आणि डोळे तिन्ही एकाच आवाजात बोलतात.

माझा क्रम असा. प्रायमर बसला की घडीत मॅट (बिनचमकेची) तपकिरी, मऊ फुगीर ब्रशने. ब्रश खणात एकदाच टेकवायचा, डबीच्या कडेवर झटकायचा, मग गाडीच्या वायपरसारखा डावीकडून उजवीकडे फिरवायचा. घडीच्या वर साधारण अर्धा सेंटिमीटर, त्यापुढे नाही. मग पापणीवर तपकिरी क्रीम पेन्सिलचा पातळ हात देऊन बोटाने पसरवायचा. सोन्याला खोली येते ती या थरामुळे. काळी पेन्सिल घेऊ नका, पिवळं सोनं काळ्यावर शेवाळी झाक मारतं. आता सोनेरी: चपटा सिंथेटिक ब्रश, त्यावर सेटिंग स्प्रेचा (मेकअप टिकवायच्या फवाऱ्याचा) एक फवारा. फवारा ब्रशवरच मारायचा, खणात कधीही नाही. तीन-चार दाब देऊन लावायचं, ओढायचं नाही.

फाउंडेशन डोळ्यांनंतर. आधी लावलं तर गालावर सांडलेली चमक पुसताना तेही निघतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

ठाणे:

गालावर सांडलेली चमक पुसू नका, पसरते. सेलोटेपचा तुकडा हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून त्याचा चिकटपणा कमी करायचा आणि मग गालावर अलगद टेकवायचा. डोळ्याखालच्या पातळ कातडीला टेप लावायचा नाही.

घाटकोपर, रंगद्रव्यांच्या कामात:

पार्ल्याच्या ताईंनी सोनेरी ‘ओढायचं नाही’ का म्हटलं ते सांगतो. सोनेरी शेडमधली चमक सहसा सोन्याची नसते, अभ्रकाची असते. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाच्या ऑक्साइडचे थर चढवतात. थर किती जाड, यावर चमकेची झाक ठरते, पिवळेपणा-तांबडेपणा लोहाकडून येतो. घटकांच्या यादीत सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगद्रव्याचा क्रमांक) ७७०१९ म्हणजे अभ्रक, ७७८९१ टायटॅनियम डायऑक्साइड, ७७४९१ लाल आणि ७७४९२ पिवळं लोह ऑक्साइड. ‘सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट’ असं लांबलचक नाव दिसलं तर तो प्रयोगशाळेत केलेला अभ्रक. त्याचे पापुद्रे जास्त स्वच्छ, म्हणून चमकही अधिक पांढरट-लख्ख.

हे पापुद्रे चपटे असतात. दाबून बसवले की सगळे आडवे पडतात आणि आरशासारखा प्रकाश परततो. फुगीर ब्रशने घासले की वेडेवाकडे उभे राहतात आणि तीच महागडी शेड धुळीसारखी दिसते. बोटाने लावलेलं सोनेरी छान दिसतं ते म्हणूनच: दाब मिळतो आणि बोटाच्या उबेने त्यातलं तेल थोडं सैल होतं. अनामिका वापरा, तिचा दाब आपोआप हलका पडतो.

कणांचा आकारही बघा. ५ ते २५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण साटिनसारखी मऊ झळाळी देतात. १०० मायक्रॉनच्या आसपासचे कण सुटे सुटे चमकतात आणि गालावर सांडतातही तेच. पापणीवर सुरकुत्या असतील तर साटिन घ्या, मोठे कण प्रत्येक सुरकुती मोजून दाखवतात.

आणखी एक. तांबूस आणि गुलाबी सोनेरी शेडमध्ये सीआय ७५४७० सापडू शकतं. ते कारमाइन, कोचिनिअल नावाच्या किड्यांपासून काढलेलं. शाकाहाराबद्दल काटेकोर असणाऱ्यांनी ती यादी वाचूनच घ्यावं.

गिरगाव:

प्रकाशाबद्दल कोणीच लिहिलं नाही. बाथरूमच्या पांढऱ्या ट्यूबखाली केलेला सोनेरी डोळा पणत्यांच्या उजेडात जवळजवळ नाहीसा होतो. पिवळ्या प्रकाशात त्वचाही पिवळी दिसते, मग पिवळं सोनं वेगळं उठून दिसणार कसं? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ब्राँझ किंवा तांबूस घ्या आणि बाहेरच्या कोपऱ्यात मॅट गडद तपकिरी थोडी जास्त द्या. पाडव्याला सकाळी उन्हात औक्षण असेल तर उलट करा, निम्मंच लावा. डोळे करताना एकदा ट्यूब बंद करून पिवळ्या बल्बखाली बघायचं, अर्ध्या मिनिटाचं काम.

दादर, डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट:

लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी घालावी आणि मेकअप नंतर. रात्री लेन्स आधी काढावी, मेकअप नंतर. उलट केलं की चमकेचा कण लेन्सखाली अडकतो आणि बुबुळावर ओरखडा पडू शकतो. पापणीच्या आतल्या ओल्या कडेला सोनेरी काहीही लावू नका. तिथे तेलग्रंथींची तोंडं असतात, ती बुजतात. पॅलेटमधला एखादा खण प्रेस्ड ग्लिटरचा (दाबून बसवलेल्या चमकीचा) असतो, त्यात प्लास्टिकचे कण असू शकतात. तो डोळ्याभोवती वापरायचा नाही असं अनेकदा पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि ते वाचायला नेमका चष्मा लागतो. डोळा लाल झाला, पाणी येऊ लागलं, तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याने धुवा, आणि खुपणं थांबलं नाही तर त्याच दिवशी दाखवा.

बोरिवली:

खरेदीबद्दल. क्रॉफर्ड मार्केटमध्ये ब्रश, स्पंज, रिकाम्या डब्या बिनधास्त घ्या. परदेशी ब्रँडची पॅलेट चौथाई किमतीत मिळत असेल तर मात्र हात आखडता. आयात केलेल्या खऱ्या मालावर एमआरपी रुपयांत, आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असायला हवा. सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे तो लागतोच. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात १२एम किंवा २४एम असेल, तर उघडल्यापासून तितके महिने. उघडल्याची तारीख पाठीमागे लिहून ठेवा.

दुकानातला टेस्टर डोळ्यावर लावू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला, बिनप्रायमरचा, एकच बोट. मग मॉलच्या दारापर्यंत जाऊन उजेडात बघा. किंमत वजनाने भागा, म्हणजे ग्रॅममागे किती पडतं ते कळतं: उदाहरणार्थ शार्लट टिलबरी या ब्रँडची चार खणांची पॅलेट ५.२ ग्रॅमची. तिच्यात प्राइम (पाया), एनहान्स (उठाव), स्मोक (गडद), पॉप (चमक) असा क्रमच ठरलेला असतो, त्यामुळे नवशिक्याला ती सोपी जाते. पंधरा खणांची घेऊन त्यातले तीनच वापरण्यापेक्षा बरं.

परळ:

प्रायमरऐवजी कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम) चालतो असं खूप जण सांगतात. एसी हॉलमध्ये चालत असेल. चर्चगेट ते अंधेरी उभ्याने प्रवास असेल तर नाही चालत. लावायचाच असेल तर त्यावर पारदर्शक पावडरचा हात द्या, आणि मग बोटाने लावलेलं सोनेरी कमी चिकटेल हे धरून चाला. काजळाचंही तसंच. खालच्या कडेचं काजळ वितळून सोन्यात मिसळलं की चिखल होतो. काजळावर लगेच मॅट तपकिरी दाबून बसवा.

मुलुंड, दुरुस्ती विभाग:

खण वरून गुळगुळीत, कडक झाला आणि रंगच येईना, तर पॅलेट संपलेली नाही. बोटाचं तेल किंवा ओला ब्रश लागून वरचा थर घट्ट झालाय. सेलोटेप दाबून उचला, नाहीतर टूथपिकने हलकं खरवडा.

पडून भुगा झाला तर सगळा भुगा खणातच गोळा करा. ७० टक्के किंवा जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल ड्रॉपरने पाच-सहा थेंब. टूथपिकने कालवून लापशीसारखं करा. पातळ झालं तर थांबा, थोडं उडू द्या. वर टिश्यू ठेवून खणात बसेल असं नाणं सरळ दाबा, टिश्यू बदला, पुन्हा दाबा. झाकण उघडं ठेवून चोवीस तास सुकवा. हे काम पणत्या विझल्यावरच करा, अल्कोहोल पेट घेतं. जोडलेली शेड आधीपेक्षा थोडी कडक होते आणि चमक किंचित उतरते. बोटाने लावली तर चालून जाते, ब्रशला दाद देत नाही.