मदत हवी आहे: लिबरल आर्ट्स झालं, आता पुण्यात पुढे काय?

नमस्कार मंडळी, मे महिन्यात माझं चार वर्षांचं लिबरल आर्ट्स संपलं, मेजर इतिहास, मायनर मानसशास्त्र. कॉलेजमध्ये एका मुद्द्यावरून सुरू झालेला वाद कँटीन बंद होईपर्यंत चालायचा, आता कोथरूडला घरी आहे आणि दिवसभर कोणाशी धड बोलणंच होत नाही, मैत्रिणी बंगलोर दिल्लीला गेल्या आणि नातेवाईक भेटले की "म्हणजे नक्की कशात केलंस गं?" हा प्रश्न ठरलेला. खूप एकटं वाटतं, खरंच.

हिंजवडीत कंटेंट रायटिंगची ऑफर आहे, पगार बरा आहे. पण मन मोडी लिपीत, म्हणजे जुनी मराठी कागदपत्रं ज्यात लिहायचे त्या लिपीत, अडकलंय. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी भारत इतिहास संशोधक मंडळात गेले होते, तिथं मोडी पत्र जवळून पाहिलं, आधी पूर्ण ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग अक्षरं लिहीत जायची, शब्दांमध्ये जागाच नाही! पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर तर अफाट आहे, ते वाचणारी माणसं लागणारच ना?

नोकरी करून शनिवार-रविवार मोडी शिकणं कोणाला जमलंय का? की सरळ डेक्कन कॉलेजला एमए आर्किऑलॉजी करू? आणि कॉलेजनंतरचा हा रिकामेपणा तुमचा कशाने कमी झाला तेही सांगा प्लीज.