आजारपणात गेलेल्या सैनिकाला ‘धारातीर्थी पडला’ म्हणायचं का?

नोंदवही
महायुद्धांतल्या सैनिकांच्या याद्या मराठीत करताना एक चूक सर्रास होते. परदेशातल्या सरावछावणीत न्यूमोनियाने गेलेल्याच्या नावापुढेही ‘धारातीर्थी पडला’ असं ठोकून दिलं जातं. धारा म्हणजे शस्त्राची धार. स्कॉटलंडमध्ये किंग्युसीला ‘फोर्स के-६’ या आपल्या खेचर-पथकातल्या नऊ जणांच्या कबरी आहेत. दुसऱ्या महायुद्धात हे पथक त्या डोंगरांत सराव करत होतं, तिथे लढाई झालीच नाही. लढाईत पडलेले आणि इतर अशा दोन याद्या हव्यात.

मस्जिद_बंदर
साफ असहमत. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आणि नावं जपणारं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन तारखा बघतं: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. त्या काळात नोकरीत असताना गेला की नाव लागलं, मग गोळी असो, ताप असो वा गाडीचा अपघात. मृत्यूचा सेवेशी संबंध दाखवावा लागतो तो सेवामुक्तीनंतर गेलेल्यांचा. सातारा-कोकणातल्या जुन्या पाट्याही तेच सांगतात: गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. कशाने, ते लिहिलेलं नसतं.

नोंदवही
घोळ नेमका तिथेच होतो. कमिशनच्या ऑनलाइन नोंदीत मृत्यूचं कारण सहसा नसतं. मग लोक तारीख बघतात, त्या महिन्यातली एखादी लढाई शोधतात आणि चिकटवून मोकळे होतात. आधी दफनभूमी कुठे आहे ते बघा. आघाडीपासून दूर, छावणी किंवा इस्पितळाजवळ असेल तर आजार किंवा अपघाताची शक्यता धरा. मग त्या दिवशी पलटण कुठे होती ते युद्ध-दैनंदिनीत, म्हणजे पलटणीच्या रोजच्या नोंदवहीत, पडताळा. नावावरून शोधू नका, इंग्रजी कारकुनांनी मराठी नावांची वाट लावली आहे. सेवा क्रमांक आणि पलटण धरा, मग वडिलांचं नाव आणि गाव जुळवा.

साथरोग
शोधायची पद्धत बरोबर, पण दोन याद्या नकोत. ‘इतर’मध्ये टाकलं की मृत्यू नशिबाचा भाग ठरतो, आणि तसं नव्हतं. गावाकडची पोरं एकदम एका बराकीत कोंबली की गोवर, गालगुंड, मेंदूज्वर पसरतात; गोवरामागून न्यूमोनिया येतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश बराकींत दोन खाटांमधलं अंतर तीन फुटांवरून फुटाच्याही आत आलं होतं. घशात मेंदूज्वराचे जंतू बाळगणाऱ्यांचं प्रमाण त्यामुळे वाढलं आणि खाटा अडीच फुटांवर नेल्यावर उतरलं. गर्दी लष्कराने केली, औषध नव्हतं. जंतूंवरच्या सल्फा गोळ्या १९३०च्या दशकात आल्या, पेनिसिलिन सैनिकांना मिळू लागलं १९४३च्या सुमारास. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करातही लढाईपेक्षा रोगाने जास्त माणसं गेली, त्यातली बरीचशी १९१८च्या फ्लूने.

पेन्शनवाला
भेद आजही होतो बरं. सैनिकांच्या निवृत्तिवेतनाबाबतच्या संरक्षण मंत्रालयाच्या २००१च्या आदेशात मृत्यूचे अ ते ई असे पाच गट आहेत. सेवेमुळे जडलेल्या किंवा बळावलेल्या आजाराने मृत्यू झाला तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, शेवटच्या पगाराच्या ६० टक्के. शत्रूच्या कारवाईत गेला तर पूर्ण पगार. सरकार वर्गवारी करतं, मग यादीने का करू नये?

साथरोग
पेन्शन द्यायला वर्गवारी लागते. दगडावर कोरायला कशाला?

मस्जिद_बंदर
सरळ ‘हुतात्मा’ लिहा, वादच मिटला.

नोंदवही
मुंबईत हुतात्मा म्हटलं की फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्र आठवतो. तो शब्द इथे उसना घेऊ नका. यादी एक ठेवू, हे मान्य. नाव, सेवा क्रमांक, पलटण, तारीख, ठिकाण आणि कारणाचा रकाना. कारण कागदावर सापडलं तरच भरायचं, नाहीतर रिकामा. वर मथळा ‘सेवेत असताना मृत्यू’.

मस्जिद_बंदर
‘प्राण दिले’ ठेवा हो. ‘मृत्यू’ म्हणजे महापालिकेचा दाखला वाटतो.