मदत हवी आहे : रानतुळशीच्या तेलातील फरक कसा तपासावा?

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरात वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए परिसरात वाढणाऱ्या रानटी थाइम या सुगंधी झुडपाचे तेलातील मुख्य घटकानुसार सहा प्रकार आढळतात आणि दिसायला सारखी असलेली ही झुडपे थायमॉल, कार्व्हाक्रॉल, लिनालूल, जिरॅनिऑल अशी वेगवेगळी द्रव्ये तयार करतात, हे वाचल्यापासून माझे लक्ष त्याच कुळातल्या आपल्या रानतुळशीकडे गेले. तिच्यातही थायमॉलप्रधान (ओव्याच्या वासाचे) आणि युजेनॉलप्रधान (लवंगेच्या वासाचे) असे प्रकार आहेत. अक्कलकोट रस्त्यालगतच्या काही झुडपांची पाने चुरडली की ओव्याचा वास येतो, तर बार्शीकडून आणलेल्यांना लवंगेचा. (नाकावर किती विसंबावे, हा प्रश्न आहेच.)

थाइममध्ये हा फरक मुख्यतः आनुवंशिक असतो, मात्र कडक हिवाळ्याच्या सखल भागात फिनॉलयुक्त (म्हणजे थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉल असलेली) झुडपे कमी टिकतात. आपल्याकडे तशी थंडी नसल्याने, रानतुळशीतला फरक आनुवंशिक आहे की जागेमुळे, हे पाहण्यासाठी दोन्ही ठिकाणच्या फांद्या एकाच वाफ्यात लावून तुलना करावी, असे मला वाटते. त्यासाठी किती झुडपे घ्यावीत, पाने फुलोऱ्यापूर्वी खुडावीत की नंतर, आणि ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलाचे गॅस क्रोमॅटोग्राफी (घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) विश्लेषण विद्यार्थ्याला परवडेल अशा दरात सोलापूर किंवा पुण्यात कोठे करून मिळेल, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.