मदत हवी आहे: त्रिनिदादच्या आंटींच्या जुन्या कॅसेट्स

नमस्कार मंडळी, आम्ही टोरोंटोला राहतो. शेजारच्या आंटी मूळच्या त्रिनिदादच्या, रिटायर्ड शिक्षिका. त्यांची टीचर्स कॉलेजची बॅच 1970 च्या दशकातली, आता कोणी पोर्ट ऑफ स्पेनला, कोणी लंडनला, कोणी न्यूयॉर्कला, पण व्हॉट्सॲपवर रोज गप्पा असतात आणि दर ऑगस्टला जमेल तेवढे जण इथल्या कार्निव्हलला येतात (1967 पासून चालू आहे, नाव बदललं तरी आंटी कॅरिबानाच म्हणतात).

तर आंटींकडे कॉलेजच्या दिवसांतल्या तीन कॅसेट्स आहेत, पॅनयार्डमधे रेकॉर्ड केलेल्या, म्हणजे कार्निव्हलच्या आधी जिथे स्टीलपॅनची रात्ररात्र प्रॅक्टिस चालते ना ते अंगण. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून खोलगट करतात आणि त्यात एकेक सूर बसवतात, आंटींकडे एक पॅन आहे, टोकाला रबर लावलेल्या काडीने हळूच वाजवलं तरी घर भरून जातं!

एका कॅसेटवर पांढरी बुरशी आलीये, दुसरीची टेप अडकते, मी पेन्सिल घालून फिरवून बघितली तर मधेच सुरकुतली म्हणून घाबरून थांबले. त्यात गेल्या वर्षी वारलेल्या दोन मैत्रिणींचे आवाज आहेत हो, बॅचला ते ऐकवायचेत.

कोणी स्वतः कॅसेट डिजिटल केलीये का? बुरशी घरी काढता येते की जाणकारांकडेच द्यावी? ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा भागात कुणाकडे चालू डेक आहे का? जुलैअखेर काम व्हायला हवं, प्लीज सांगा.