मदत हवी आहे: स्वॅप वाढवला आणि कांदाचाळीतला रास्पबेरी पाय आणखीच लंगडायला लागला

चाळकरी:

नमस्कार मंडळी. मी राहतो नाशिकला सिडकोत, पण प्रश्न निफाडकडच्या काकांच्या कांदाचाळीतला आहे. (कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.)

चाळीत उन्हाळ कांदा भरलाय. पाऊस लागला की आत दमटपणा वाढतो आणि सड लागल्याचं वास सुटेपर्यंत कळत नाही. म्हणून एप्रिलमध्ये चार कप्प्यांत डीएचटी२२ सेन्सर लावले, प्रत्येकामागे एक ईएसपी८२६६ वायफाय चिप. ते दर मिनिटाला तापमान आणि आर्द्रता वायफायवरून रास्पबेरी पाय ३बी या छोट्या संगणकाला पाठवतात. रॅम १ जीबी. पायवर मॉस्किटो (सेन्सरचे संदेश घेणारा), नोड-रेड (ते पुढे पोचवणारा), इन्फ्लक्सडीबी (नोंदी साठवणारा), ग्राफाना (आलेख दाखवणारा). ओएस ६४ बिट, बुकवर्म आवृत्तीचं. जूनमध्ये काकांसाठी पायलाच एक जुना मॉनिटर जोडला, त्यावर क्रोमियम फुलस्क्रीन. आलेख दर ५ सेकंदांनी रिफ्रेश होतो.

आताशा चालू केल्यावर तीन-चार तास ठीक चालतं, मग मंदावतं. एसएसएचचा (दुरून लॉगिन करायचा) पासवर्ड टाकल्यावर प्रॉम्प्ट यायला दीड मिनिट. हिरवा दिवा एरवी लुकलुकतो, तो सलग पेटून राहतो. काकांचा फोन येतो, "तुझा तो टीव्ही परत थिजला." मी म्हणतो प्लग काढून लावा.

फ्री कमांडमध्ये स्वॅप (रॅम कमी पडली की तिच्यातलं मेमरी कार्डावर ठेवायची जागा) २०० पैकी १९९ एमबी वापरात दिसला. नेटवर वाचून, स्वॅपचा आकार ठरवणाऱ्या डीफिज-स्वॅपफाइलच्या कॉन्फिगमध्ये २०४८ केला. आता १.१ जीबी वापरात दिसतो आणि यंत्र आधीपेक्षा हळू! त्यातच मागच्या आठवड्यात कार्ड रीड-ओन्ली झालं (त्यावर काही लिहिताच येईना), इनपुट-आउटपुट एरर. चाळीस किलोमीटर जाऊन नव्या कार्डावर सगळं परत उभं केलं, स्वॅप परत २०४८.

स्वॅप ४ जीबी करू का? की बंदच करू? कुणी म्हणतं स्वॅपिनेस १० करा. डोकं चालेनासं झालंय.

बोर्डबहाद्दर:

सरळ ८ जीबीचा पाय ५ घ्या. विषय संपला.

चाळकरी:

दादा, कांद्याचा भाव बघितलात का? काकांसमोर नव्या बोर्डाचं नाव काढायची माझी छाती नाही.

सातपूरचा_फिटर:

स्वॅप बंद करून टाका. मी केलाय, तीन वर्षं तेच कार्ड चालतंय.

गोदाकाठची:

फिटरदादा, तुमच्या पायवर काय चालतं?

सातपूरचा_फिटर:

फक्त पाय-होल, जाहिराती अडवणारा.

गोदाकाठची:

मग तुमचं बरोबर आहे. पाय-होलला ५१२ एमबीसुद्धा पुरते. चाळकरी, तुम्ही मात्र बंद करू नका. स्वॅप नसला आणि रॅम संपली की कर्नलचा (ओएसच्या गाभ्याचा) ओओएम किलर येतो आणि त्याला जी प्रोसेस जड वाटेल ती उडवतो. त्या वेळी ती इन्फ्लक्स निघाली तर रात्रभराची नोंद गेली.

शिवाय स्वॅप बंद केल्याने कार्डावरची धावपळ थांबते हा गैरसमज आहे. रॅम कमी पडली की कर्नल प्रोग्रामच्या कोडचीच पानं (मेमरीचे छोटे तुकडे) रॅममधून टाकून देतो, कारण ती कार्डावर फाइल म्हणून असतातच. पुढच्या क्षणी लागली की परत वाचतो. म्हणजे स्वॅप शून्य आणि हिरवा दिवा तरी सलग पेटलेला, असंही होतं. लिहिणं वाचलं, वाचणं नाही वाचलं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही 'वापरात' या आकड्याकडे बघून घाबरताय. नाशिककर आहात म्हणून गंगापूर धरणाच्या भाषेत सांगते. धरण ९५ टक्के भरलं म्हणून गोदाघाटावर कुणी टपरी हलवत नाही. टपऱ्या हलतात विसर्ग वाढवला की. स्वॅपमध्ये २०० एमबी पडून आहे हा साठा झाला. एकदा लागलेली आणि नंतर कुणी न मागितलेली पानं तिथे महिनाभर पडून राहिली तरी काही बिघडत नाही. विसर्ग बघायचा तर व्हीएमस्टॅट ५ चालवा. एसआय म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये येणारं, एसओ म्हणजे रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं. पहिली ओळ सोडून द्या, ती बूट झाल्यापासूनची सरासरी असते. यंत्र थिजलेलं असतानाच्या दहा-बारा ओळी इथे टाका.

चाळकरी:

काल संध्याकाळी थिजलं तेव्हा घरूनच काढलं. एसआय १८०० ते २६०० च्या मध्ये, एसओ १२०० ते १९००. बी रकान्यात (वाट बघत अडकलेल्या प्रोसेस) ५-६. डब्ल्यूए ७५ च्या खाली येतच नाही, एकदा ८८ होता.

गोदाकाठची:

गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलंय तुमच्याकडे, म्हणजे पूरच आलाय.

हे आकडे सेकंदाला किलोबाइटमध्ये असतात. म्हणजे दोन-अडीच एमबी आत, दीडेक एमबी बाहेर. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण कार्डावरचं 'क्लास १०' म्हणजे सेकंदाला १० एमबी, तेही सलग लिहिताना, कॅमेऱ्यातला व्हिडिओ लिहितात तसं. स्वॅपचं काम ४ केबीच्या पानांचं असतं आणि ती पानं विखुरलेली. त्यासाठी कार्डावर ए१ किंवा ए२ खूण बघायची. ए१ कार्डाने सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं द्यायची असतात. ५०० गुणिले ४ केबी, म्हणजे जेमतेम २ एमबी. तुमच्या कार्डावर ती खूणही नसावी. थोडक्यात, कार्ड आपल्या परीने जीव तोडून पळतंय. डब्ल्यूए ८८ म्हणजे प्रोसेसर शंभरातले ८८ क्षण कार्डाची वाट बघत हात बांधून बसलाय.

आणि २०४८ केल्यावर बिघडलं का, तर आधी २०० एमबी भरला की ओओएम किलर क्रोमियमचा एखादा टॅब उडवत असणार. काकांना स्क्रीनवर 'ऑ, स्नॅप' दिसत असेल, पण बाकी यंत्र मोकळं होत असेल. आता २ जीबीचं मैदान मिळालं, त्यामुळे मारायला कुणी येत नाही आणि सगळे कार्डावर ये-जा करत बसतात. जुनं कार्ड त्यातच गेलं असं शपथेवर नाही सांगणार, पण फ्लॅशचा प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो आणि तुम्ही तो रात्रंदिवस पुसत होतात.

एक विचारते. एप्रिल ते जून सगळं नीट चालत होतं ना? जूनमध्ये काय बदललं, तुम्हीच वर लिहिलंय.

चाळकरी:

अरे देवा. मॉनिटर.

आणि हो, आधी 'ऑ, स्नॅप' यायचंच! मी काकांना माउसने रिलोड दाबायला शिकवलं होतं. २०४८ केल्यावर ते यायचं बंद झालं म्हणून मला वाटलं सुधारलं.

गोदाकाठची:

खात्री करून घ्या. टॉप उघडा, एफ दाबा, यादीत स्वॅप नावाचा रकाना स्पेसने निवडा, क्यू दाबून परत या. कुणाचं किती पडलंय ते दिसेल.

चाळकरी:

क्रोमियमच्या सात प्रोसेस, सगळ्यांची बेरीज ६४० एमबी. इन्फ्लक्स १५० च्या आसपास, ग्राफाना ९०, नोड-रेड ७०. बाकी चिल्लर.

गोदाकाठची:

मग क्रोमियमला पायवरून उतरवा. ग्राफाना वेबवरच दिसतं, काकांच्या फोनवर त्याच वायफायवरून उघडेल. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगमध्ये बूट पर्याय कन्सोलवर (नुसत्या मजकुराच्या पडद्यावर) टाका, म्हणजे डेस्कटॉपही रॅममध्ये चढणार नाही. रिफ्रेश ५ सेकंदांऐवजी १ मिनिट. सेन्सरच मिनिटाला एकदा बोलतो, तर आलेखाला बाराव्यांदा तेच विचारायची काय घाई?

त्यावर झेडरॅम लावा. यात रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून देतात आणि त्यात जाणारी पानं दाबून, कॉम्प्रेस करून ठेवतात. साधारण दोनास एक, नशीब असेल तर तिनास एक जागा वाचते. कांदा दाबून भरला तर सडतो, मेमरी चालते. कार्डाला हात लागत नाही. प्रोसेसर थोडा खर्ची पडतो, पण तुमचा नाहीतरी वाट बघत बसलेलाच आहे.

झेडरॅम-टूल्स हे पॅकेज टाका. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात झेडरॅमस्वॅप नावाची फाइल येते, त्यात अल्गो झेडएसटीडी, पर्सेंट ५०, प्रायॉरिटी १०० ठेवा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. कार्डावरची स्वॅपफाइल काढू नका, फक्त ५१२ वर आणा: आधी डीफिज-स्वॅपफाइल स्वॅपऑफ, मग आकडा बदला, मग सेटअप, मग स्वॅपऑन. स्वॅपऑफ मात्र पाय नुकताच चालू झालेला असताना करा. स्वॅपमध्ये १ जीबी असताना केलंत तर ते सगळं रॅममध्ये कोंबायला बघेल आणि मावणार नाही. स्वॅपऑन --शो मध्ये झेडरॅमची प्रायॉरिटी १०० आणि फाइलची उणे दिसली की झालं. कर्नल आधी मोठ्या आकड्याचा स्वॅप भरतो.

स्वॅपिनेसचं: १० ठेवलं म्हणजे रॅम १० टक्के उरल्यावर स्वॅप सुरू होतो, असं जे सांगतात ते चूक. टाकायची वेळ आली की प्रोग्रामचा डेटा स्वॅपमध्ये टाकायचा की फाइलींची कॅश सोडायची, याचा तो कल आहे. मूळ आकडा ६०. स्वॅप कार्डावर असेल तर कमी ठेवणं समजू शकते. झेडरॅम असेल तर उलट १०० करा, कारण तिथून पान परत आणणं कार्डावरून फाइल वाचण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत जाता येतं, पण १०० पासून सुरू करा.

कधी ट्रिक्सीवर आधारित नवं ओएस टाकलंत तर तिथे डीफिज-स्वॅपफाइल शोधू नका. त्यात स्वॅपची व्यवस्था बदललीय, झेडरॅम आधीपासूनच असतो.

सातपूरचा_फिटर:

ताईंचं मान्य, माझं मागे घेतो. पण चाळकरी, एक बघा. बोर्डावरचा लाल दिवा मधूनच विझतो का?

चाळकरी:

विझतो! चाळीतला मोठा पंखा सुरू झाला की क्षणभर जातो. मला वाटलं दिवाच लूज आहे.

सातपूरचा_फिटर:

दिवा ठणठणीत आहे, वीज कमी पडतेय. ३बी वर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की लाल दिवा विझतो. व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड चालवा, वीज कमी पडल्याची नोंद त्यात दिसते. आणि मोबाइलचा चार्जर लावला असेल तर खरं सांगा.

चाळकरी:

०एक्स५०००० आलं. आणि हो, मोबाइलचाच चार्जर, घरात पडलेली दोन मीटरची केबल.

सातपूरचा_फिटर:

म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेजही पडलं आणि वेगही कापला गेला. बारीक तारेची लांब केबल म्हणजे निम्मं दुखणं तिथेच. ५.१ व्होल्ट अडीच अँपियरचा अॅडॅप्टर घ्या, केबल त्याचीच. पंख्याच्या बोर्डावरून लाइन घेऊ नका. आणि काकांना प्लग उपटायला सांगणं बंद करा. कार्ड लिहीत असताना वीज गेली की कार्ड खराब होतं, मग स्वॅप कितीही असो.

चाळकरी:

अपडेट. रविवारी जाऊन आलो. अॅडॅप्टर बदलला, लाइन वेगळी घेतली, मॉनिटर काढून घरी आणला, झेडरॅम लावला, स्वॅपिनेस १००. फ्रीमध्ये 'उपलब्ध' आता साडेतीनशेच्या आसपास असतं. आज नववा दिवस. झेडरॅममध्ये १३० एमबी पडलंय, कार्डावरच्या फाइलमध्ये शून्य. व्हीएमस्टॅटला एसआय-एसओ दोन्ही शून्य, अधूनमधून एखादा आकडा चमकून जातो. डब्ल्यूए १-२. थ्रॉटल्ड ०एक्स०, म्हणजे तक्रार नाही.

काका टीव्ही नेला म्हणून दोन दिवस रागावले होते. परवा रात्री पाऊस चालू असताना त्यांनीच फोनवर बघितलं, तिसऱ्या कप्प्याची आर्द्रता ८४ वर, बाकीचे सत्तरीत. बॅटरी घेऊन गेले तर वाऱ्याने ताडपत्री सुटून पाणी आत येत होतं. वरच्या दोन थरांतला ओला कांदा सकाळी बाहेर काढला, बाकीचा वाचला.

आता एकच उरलं. लाइट गेली तर पाय नीट बंद व्हावा म्हणून छोटा यूपीएस लावायचा म्हणतोय. राउटरसाठी मिळतो तो १२ व्होल्टवाला चालेल का?

सातपूरचा_फिटर:

थेट १२ व्होल्ट लावू नका, बोर्ड जळेल. मध्ये ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) टाका, ३ अँपियरचा. पायला जोडायच्या आधी मल्टिमीटरने ५.१ वर सेट करा. वीज गेल्याचं पायला आपोआप कळणार नाही, त्यासाठी जीपीआयओवर (बोर्डावरच्या पिनांवर) वेगळी तार लागेल. ते नवीन धाग्यात विचारा, फोटो टाका.