शब्दचर्चा : परग्रहावरच्यांचा 'वंश' विचारायचा की 'जात'?

विंगेतून : परभणीत हौशी राज्य नाट्य स्पर्धेसाठी एक विज्ञाननाट्य बसतंय, इंग्रजीवरून रूपांतर. दुसऱ्या ग्रहावरचे खाणमजूर पृथ्वीवर उतरतात आणि नाक्यावरचा अधिकारी त्यांना विचारतो, "तुमचा वंश कोणता?" मूळ शब्द 'रेस'. आपल्याकडे श चा स होतो, त्यामुळे मागच्या रांगेत 'वन्सं' ऐकू येतं आणि भर गंभीर प्रसंगात हशा पिकतो. 'प्रजाती' घातलं तर नट 'प्रजा'वर श्वास तोडतो. आता अधिकाऱ्याचं काम करणारा नट परस्पर "कोण्या जातीचे हाव?" म्हणायलाय. ते बसतंय, पण रूपांतरकार चूक म्हणतात. नेमका शब्द कोणता?

पंतोजी : 'प्रजाती' आधी काढा. मराठी विश्वकोशात प्रजाती हा मोठा गट आणि तिच्या पोटात जाती. वाघ आणि सिंह या दोन जाती, प्रजाती एकच. वर्तमानपत्रं हिंदीच्या नादानं उलटं लिहितात. परग्रहावरचा प्राणी म्हणजे शास्त्रानं वेगळी 'जात'. माणसामाणसांतल्या भेदाला 'वंश', म्हणून मानववंशशास्त्र, वंशद्वेष. इंग्रजी विज्ञानकथेत 'रेस' दोन्हींना चालतो. हिरव्या माणसाची गोष्ट सांगता सांगता काळ्या माणसाचं दुःख सांगता येतं ते त्या दुहेरीपणामुळेच. मराठीत एक बाजू निवडावी लागते.

कोरडवाहू : मग नटानंच बरोबर निवडली की! नामांतराचा लढा पाहिलेल्या मराठवाड्यात 'जात' म्हटलं की प्रेक्षक सरळ बसतो.

पंतोजी : सरळ बसतो आणि परग्रह विसरतो. पुढचा दीड तास तो कोण कोणाचा हेच जुळवत बसणार.

दख्खनी : 'नस्ल' का नको? निजामाच्या मुलखात हा शब्द कोणाला सांगावा लागत नाही. शेवटचा 'ल' जीभ लावून म्हटला तर मागेपर्यंत जातो.

कोरडवाहू : नस्ल जनावराची विचारतात, दख्खनीभाऊ. लाल कंधारी आहे का देवणी, असं. अर्थात अधिकाऱ्याला मजूर म्हणजे जित्राबच वाटत असतील तर तुमचा शब्द झकास. ते संहितेवर आहे.

पंतोजी : 'वंश' म्हणजे मुळात बांबू. पेरावर पेर चढतं तशी पिढीवर पिढी. इतका चांगला शब्द उच्चारासाठी टाकू नये, नटाचा श सुधारावा.

दख्खनी : म्हणजे "तुमचा बांबू कोणता?" हशा तरी खात्रीचा मिळेल.

नेपथ्यताई : शब्दावर एवढा भार कशाला टाकता? चेक नाटककार कारेल चापेकचं रोबोटवाल्यांचं नाटक प्रागमध्ये १९२१ साली रंगमंचावर आलं. 'रोबोट' हा शब्दच चेक 'रोबोता'वरून, म्हणजे वेठबिगार. त्याचे रोबोट लोखंडी नाहीत, रसायनातून घडवलेले हाडामांसाचे आहेत. नाट्यसूचनेत काय दिलंय? सुरुवातीला माणसांसारखेच कपडे, पण बोलणं तुटक, चेहरा कोरा, नजर खिळलेली. पुढच्या अंकांत कमरेला पट्टा आणि छातीवर पितळी आकडा. बाकीचं नटानं करायचं.

रंगपेटी : आणि कृपा करून मजुरांना काळं फासू नका. वेगळे दाखवायचे म्हणून काळे, हा सगळ्यात स्वस्त आणि वाईट मार्ग. निळं करणार असाल तर पिवळट प्रकाशात निळा रंग मळकट करडा दिसतो आणि लाल प्रकाशात हिरवा काळा पडतो. रंग ठरवण्याआधी प्रकाशयोजनाकाराकडून जिलेटिनचे, म्हणजे दिव्यांपुढं लावायच्या रंगीत कागदांचे, रंग विचारून घ्या. 'स्टार ट्रेक'मध्ये १९६९ साली अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा अशी दोन माणसं होती, एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. टीव्हीवर जमलं. रंगमंचावर दोघे समोरासमोरच्या विंगांतून आले आणि काळा-उजवा प्रेक्षकांच्या डावीकडून आला, तर दोघांचा काळाच गाल दिसतो. फरक कळायला दोघांनी समोर तोंड केलं पाहिजे. म्हणजे हालचाल आधी बसवा, रंग नंतर.

पंतोजी : भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयात, म्हणजे वेशभूषा-रंगभूषेच्या भागात, पांढरा, निळा, पिवळा, तांबडा असे चार मूळ रंग आणि त्यांची मिश्रणं दिली आहेत. शक-यवन गौर, दाक्षिणात्य सावळे, असं कोणाला काय फासायचं तेही आहे. 'वर्ण' हा शब्द रंगपेटीतूनही आलेला आहे!

रंगपेटी : म्हणूनच म्हणते, नका फासू. भरताच्या हिशेबानं परभणीचे सगळे सावळेच.

विंगेतून : पण नटानं शब्द बदलला, ते चालेल का? त्याचं म्हणणं, ही त्याची सर्जनशीलता.

नेपथ्यताई : ती 'ॲडिशन' झाली, म्हणजे संहितेत नसलेलं पदरचं घालणं. सर्जनशीलता 'जागा' घेण्यात असते. लिहिलेल्या ओळीतच थांबा, नजर, आवाजाचा चढउतार.

कोरडवाहू : काहून? तमाशाची बतावणी सगळी अशीच उभी राहिली. पैठणच्या नाथमहाराजांच्या भारुडातही सोंग घेणारा समोरचा गाव बघून पदरचं घालतोच.

पंतोजी : 'ॲडिशन' नको, 'भर' म्हणा.

दख्खनी : "नटानं भर घेतली" असं कोण्या तालमीत म्हणतात?

नेपथ्यताई : भारुडाला प्रकाशाचे क्यू नसतात, कोरडवाहू. इथं अधिकाऱ्याच्या शेवटच्या शब्दावर समोरचा बोलतो आणि दिवा उतरतो. नटानं मधलं काही बदललं तर निभतं, शेवटचा शब्द बदलला की समोरचा ताटकळतो आणि प्रकाशवाला वाट बघत राहतो. शिवाय संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं. मंजूर प्रतीत 'वंश' आणि रंगमंचावर 'जात', आणि तेही 'जात'! बदल करायचाच तर संहिता पाठवण्याआधी करा.

कोरडवाहू : मंडळाला विचारून सोंग घ्यायचं म्हणता?

रंगपेटी : शब्द सापडेल तेव्हा सापडेल. अंगरंग पाण्याचा का तेलाचा घेताय ते आधी सांगा. पाण्याचा असेल तर कानामागं आणि मानेवर पावडर दाबून बसवा, घाम तिथूनच ओघळतो आणि निळे मजूर गणवेशाची कॉलर रंगवून बसतात.