मदत हवी आहे: फिशटँकच्या हीटरचा दिवा रात्रभर लागतो, तरी पाणी गारच

नमस्कार. आम्ही बेळगावजवळ येळ्ळूरला राहतो. घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा फिशटँक आहे. खडी व वरची मोकळी जागा वजा जाता त्यात 50 लिटरच्या आसपास पाणी असते. त्यात दोन एंजल आणि सात-आठ गप्पी आहेत. दिवाळीनंतर गारठा वाढला तेव्हा 50 वॅटचा, पाण्यात पूर्ण बुडणारा काचेचा हीटर आणला आणि 26 अंशांवर लावला.

अडचण अशी की, दिवसा पाणी 25-26 अंशांवर व्यवस्थित राहते. मात्र रात्री दहानंतर ते उतरू लागते आणि पहाटे पाचला पाहावे तर 20 अंशांवर आलेले असते, आणि तरीही हीटरचा लाल दिवा लागलेलाच असतो. दिवाच लागला नसता तर हीटर गेला असे समजून मी नवा आणला असता. तापमान मी काचेवर बाहेरून चिकटवण्याच्या पट्टीवर नव्हे, तर पाण्यात बुडवलेल्या तापमापकावर पाहतो. सकाळी एंजल पर मिटून तळाच्या कोपऱ्यात असतात आणि खाद्याकडे फिरकत नाहीत. अंगावर पांढरे ठिपके अद्याप दिसलेले नाहीत, पण पाणी असे वरखाली होत राहिले तर तेही येतील अशी धास्ती आहे.

दुकानदारांनी हीटर न पाहताच नवा घेण्याचा सल्ला दिला. जेमतेम महिना झालेली वस्तू टाकून देण्याआधी ती खरोखर बिघडली आहे की नाही, हे घरच्या घरी कसे तपासावे? टँकला झाकण नाही आणि खोलीत पहाटे 17 अंश असतात. कदाचित याचा संबंध नसेल, पण शिवारातले पंप रात्री सुरू झाले की देवघरातला झिरोचा जुना बल्ब मंद होतो.

प्रतिसाद 1

संबंध नसेल असे म्हणून आपण जो बल्ब शेवटी लिहिला आहे, तिथूनच मी सुरुवात करीन. एका बादलीत मोजून 10 लिटर पाणी घ्यावे, त्यात हीटर ठेवून तासाभरात तापमान किती वाढते ते पाहावे; हाच प्रयोग एकदा दुपारी आणि एकदा पंप चालू असताना करावा. दोन्ही वेळी मल्टिमीटरने व्होल्टेजही मोजावे; स्वतःला सवय नसेल तर वायरमनला बोलवावे. टँकमधून हीटर काढण्यापूर्वी प्लग काढून किमान पंधरा मिनिटे तो पाण्यातच राहू द्या, नाहीतर गरम काच हवेत येताच तडकते.

धागाकर्ता

दोन्ही प्रयोग केले. दुपारी 228 व्होल्ट होते आणि तासाभरात पाणी जवळजवळ चार अंशांनी तापले. रात्री अकराला 180 व्होल्ट मिळाले आणि तेवढ्याच वेळात वाढ झाली फक्त सव्वादोन अंशांची.

प्रतिसाद 2

म्हणजे हीटर ठणठणीत आहे. 10 लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 11.6 वॅट-तास लागतात, म्हणून 50 वॅटच्या हीटरने, उष्णता मुळीच वाया गेली नाही असे धरले तरी, तासात 4.3 अंशच वाढ व्हायची. दुपारचा आपला आकडा त्याला जुळतो. रात्रीचे कारण असे की हीटरच्या तारेचा रोध तोच राहत असल्यामुळे उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले की 50 वॅटचा हीटर जेमतेम 31 वॅटचा उरतो. लाल दिवा फक्त थर्मोस्टॅटने वीज सोडली आहे एवढेच सांगतो, किती सोडली ते नाही. त्यात टँक उघडा. पाण्याच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवनाने जाणारी उष्णता फार असते.

आधी काचेचे झाकण करा, फक्त हवेसाठी थोडी फट ठेवा; मागच्या बाजूला थर्मोकोल लावा आणि फिल्टरचे पाणी हीटरवरून वाहील अशी मांडणी करा. मग 100 वॅटचा हीटर घ्या. तो 180 व्होल्टवरही 61 वॅट देईल. एवढ्याशा टँकला 200 किंवा 300 वॅटचा मात्र घेऊ नका, कारण थर्मोस्टॅटचे टोक कधी चिकटून बसले तर तो काही तासांत मासे शिजवून ठेवेल. थंडीच्या भरात टँकमध्ये एकदम गरम पाणी ओतण्याचा मोहही टाळा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. झाकण आणि थर्मोकोल काल संध्याकाळीच लावले. आज पहाटे पाणी 22 अंशांवर होते, आणि एक एंजल तरी कोपरा सोडून मधे आला. 100 वॅटचा हीटर शनिवारी बेळगावला गेल्यावर आणीन. आता एकच शंका उरली आहे: फ्रिजला लावलेल्या स्टॅबिलायझरवरून हीटरचीही जोडणी घेतली तर चालेल का, की फ्रिज सुरू होताना त्याच्यावर भार पडेल?